शिंदखेड्यातील नवे घर आणि खरेदीदाराचे कायदेशीर संरक्षण

नव्या घराच्या खरेदीदाराला कायद्याने दिलेल्या संरक्षणाची चर्चा सामान्यतः मुंबई-पुण्याच्या बहुमजली इमारती डोळ्यांपुढे ठेवून केली जाते. धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी नवे घर म्हणजे बहुधा लहानशी दुमजली इमारत, रो-हाऊसची एखादी रांग, अथवा बिनशेती जमिनीवर पाडलेला प्लॉट. अशा घराचा खरेदीदार प्रचलित कायद्यांच्या कक्षेत कोठवर येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या क्षेत्रातील सर्वांत अलीकडचा प्रमुख कायदा म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी २०१७ साली स्थापन झालेल्या ‘महारेरा’ या प्राधिकरणाकडे आहे. नोंदणीकृत प्रकल्पाची माहिती सर्वांना पाहण्यास खुली असते. किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम लेखी व नोंदणीकृत करारावाचून घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष प्रवर्तकाला स्वखर्चाने दूर करावा लागतो. तथापि याच अधिनियमाच्या कलम ३ अन्वये, जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल, किंवा सदनिकांची संख्या सर्व टप्पे मिळून आठांहून अधिक नसेल, तर नोंदणीची आवश्यकता नाही. येथील ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोहोंपैकी एक अट पुरी झाली तरी सूट मिळते. समजा, ४५० चौरस मीटर जागेवर सहा सदनिकांची इमारत उभी राहिली, तर ती महारेराच्या नोंदवहीत येणार नाही. मोठ्या शहरात ही सूट अपवादासारखी भासते. लहान गावात मात्र तोच बहुधा नियम ठरतो.

अशा वेळी जुन्या कायद्याकडे वळावे लागते. सदनिकांच्या व्यवहारातील वाढत्या गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २० मे १९६० रोजी एक समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये सादर झाला आणि त्यातून मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा १९६३ चा अधिनियम निर्माण झाला. रकमेच्या मर्यादेत तो २०१६ च्या अधिनियमाहून सैल आहे, कारण आगाऊ म्हणून २० टक्क्यांपर्यंत रक्कम घेण्यास तो मुभा देतो. परंतु ती स्वीकारण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदविला पाहिजे, असे त्याचे स्पष्ट सांगणे आहे. दाखविलेल्या आराखड्यात संमतीवाचून बदल करता येत नाही. ताब्यानंतर तीन वर्षांत निदर्शनास आणलेला दोष, शक्य असेल तेथे, प्रवर्तकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. ठरलेल्या मुदतीत ताबा न दिल्यास रक्कम ९ टक्के व्याजासह परत मागता येते. या अधिनियमाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्याच्या तरतुदी अधिसूचनेद्वारा क्षेत्रनिहाय लागू होतात, म्हणून संबंधित क्षेत्राची अधिसूचना प्रथम पाहावी. शिवाय त्यातील सदनिकेची व्याख्या इमारतीचा भाग असलेल्या जागेची आहे. सुट्या बंगल्याच्या किंवा नुसत्या प्लॉटच्या खरेदीदाराला तिचा आधार मिळणे कठीण आहे.

तिसरा आधार ग्राहक संरक्षणाच्या कायद्याचा. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या अधिनियमातही सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा उल्लेख आहे. येथे सदनिकांच्या संख्येची अट नाही. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. २०१९ च्या अधिनियमाने आणखी एक मोलाची सोय केली आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही त्याला दाद मागता येते. म्हणजे शिंदखेड्यात राहणाऱ्या गृहस्थाने नाशिकला वा पुण्याला सदनिका घेतली असली, तरी त्याला धुळ्याच्या आयोगाचा दरवाजा मोकळा आहे.

प्लॉटच्या बाबतीत मात्र एक सूक्ष्म भेद करावा लागतो. रस्ते, पाणी, गटारे अशा सुविधा करून देण्याचे वचन देऊन प्लॉट विकला असेल, तर तो व्यवहार सेवेत मोडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नार्ने कन्स्ट्रक्शन खटल्यात २०१२ साली ठरविले. याउलट जमिनीचा तुकडा आहे त्या स्थितीत घेतला असेल, तर ती केवळ विक्री होय, आणि तिच्यासाठी ग्राहक आयोग हे योग्य स्थान नव्हे. तेव्हा तंट्याचा निकाल पुष्कळदा एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो : विक्रेत्याने काय करून देण्याचे कबूल केले होते, आणि ते कोठे लिहिले आहे?

लहान गावातील खरेदीदाराची खरी अडचण येथेच आहे. कापसाचे पैसे हाती येतात, विक्रेता ओळखीचा असतो, आणि साध्या कागदावरील इसार पावतीवर मोठी रक्कम दिली जाते. पावतीत रक्कम व तारीख असते. चटई क्षेत्र, ताब्याची मुदत, मंजूर नकाशा, रस्ता व पाणी यांचा उल्लेख नसतो. ओळखीवर विसंबणे हा काही दोष नव्हे, गावातील बहुतेक व्यवहार त्यावरच चालतात. परंतु वाद उत्पन्न झाल्यावर ओळख ही पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. शहरातील खरेदीदाराला सार्वजनिक नोंदवहीचा जो आधार असतो, तो येथे नसल्यामुळे करारनाम्यानेच तिची जागा भरून काढावी लागते.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. तिन्ही कायद्यांच्या कक्षा भिन्न असल्या, तरी त्यांचा उपयोग करून घेण्याचे साधन एकच, ते म्हणजे पैसे देण्यापूर्वी झालेला तपशीलवार व दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेला करार. सातबारा उतारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा व बांधकाम परवानगी पाहून, त्यांचा उल्लेख करारात करून घ्यावा. घर पुरे झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. आणि त्यानंतरच उरलेली रक्कम द्यावी. ज्या घराची नोंद महारेराकडे नाही, त्या घराचा खरेदीदार कायद्याने निराधार ठरत नाही. मात्र त्याचा आधार त्याला स्वतःच्या कागदपत्रांतून उभा करावा लागतो.