तंबूतलं पाणी गळतीचं नव्हे

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहाटे एकपदरी तंबूच्या छताला आतून थेंब लोंबू लागले की कापड गळतंय असंच वाटतं. पण निरभ्र रात्री छत आकाशाकडे उष्णता सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं आणि आत झोपलेल्या दोघांच्या श्वासा-घामातून निघणारी, रात्रभरात सहज पाव लिटर भरेल इतकी वाफ त्यावर पाणी होऊन बसते. म्हणून वरची झडप आणि दाराची खालची कड उघडीच ठेवावी. थंडी शिरेल, हे खरं. पण ऊब देते ती स्लीपिंग बॅग, पातळ नायलॉन नव्हे, आणि पिसांची बॅग भिजली तर तीही ऊब जाते. वारा पडलेल्या दमट रात्री मात्र झडपा पुरत नाहीत. तेव्हा तंबू पाण्याच्या टाक्यांपासून दूर, झाडाखाली लावावा आणि छत पुसायला फडकं हाताशी हवंच.