कोठी भरताना: घरातले समज आणि खरी गोष्ट

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात स्वयंपाकघराची आखणी ओट्यापासून नव्हे, हंगामापासून सुरू होते. तूर घरात येते, तिच्यामागोमाग हरभरा, मग गहू. आणि मे संपायच्या आत वर्षाची डाळ, गहू, तिखट, पापड-कुरडया हे सगळे डब्यात गेलेले असावे लागते, कारण जूननंतर उन्हाचा भरवसा नसतो. पाच माणसांच्या घरात रोज किलोभर गहू लागतो असे धरले, तरी वर्षाचे साडेतीन क्विंटलांच्या वर जाते. एवढे धान्य घरात ठेवायचे, तर ते कशाने खराब होते हे नेमके माहीत हवे. त्याबाबतीत मात्र घराघरांत ऐकीव गोष्टींवरच जास्त विसंबले जाते.

सर्वांत जुना समज असा, की कीड धान्यात आपोआप होते. तसे होत नाही. तुरीचा भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली बारीक अळी दाणा पोखरून आत शिरते आणि दाण्यासोबत घरी येते. मूग, चवळी, हरभरा यांवर तो घरातही अंडी घालतो. दाण्याला चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे तीच अंडी. गव्हातल्या सोंड्याची मादी दाण्याला छिद्र पाडते, आत अंडे ठेवते आणि वरून छिद्र बुजवून टाकते. हे ना चाळणीत सापडते, ना सुपात. उन्हाळ्याच्या उबेत महिन्याभरात नवा किडा बाहेर पडतो. ‘मी तर एकेक दाणा निवडून भरला होता’ असे सांगणारी काकू खरेच सांगत असते. दोष तिच्या निवडण्यात नाही, कीड आधीच दाण्याच्या पोटात होती.

म्हणूनच आपल्याकडे वर्षाची तूर अख्खी न ठेवता उन्हाळ्यातच तिची डाळ करून ठेवण्याची रीत आहे, आणि ती अगदी बरोबर आहे. कडधान्याच्या भुंग्याला अख्खा दाणा लागतो. भरडलेल्या, साल निघालेल्या डाळीत त्याची वाढ फारशी होत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी दालमिल गावोगावी आल्यापासून जात्यावरचे कष्टही वाचले. घरी अख्खी तूर ठेवायचीच असेल तर ती बियाण्यापुरती ठेवावी.

दुसरा समज उन्हाचा. धान्याला ऊन दाखवले की काम झाले, असे नाही. जाड थर पसरून दिवसभर हलवलाच नाही, तर वरचा दाणा तापतो आणि किडे खालच्या गारव्यात सरकतात. थर पातळ हवा, आणि तासा-दोन तासांनी खालवर करायला हवा. ओल गेल्यानंतर तेच धान्य काळ्या ताडपत्रीवर पसरून वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद घालावा आणि कडा दगडांनी दाबाव्यात. मे महिन्याच्या आपल्या उन्हात आतली उष्णता 50 अंशांच्या पुढे जाते आणि दाण्यातली अळीही मरते. ओले धान्य मात्र असे झाकू नये, वाफ आतच राहते. बियाण्यालाही हा उपाय करू नये, उगवण घटू शकते.

यानंतरची चूक फार घरांत होते: संध्याकाळी गरम धान्य तसेच कोठीत ओतले जाते. रात्री पत्रा गार पडला की आतल्या बाजूला पाणी धरते आणि ते दाण्यावर उतरते. धान्य रात्रभर घरात पसरून गार होऊ द्यावे, मगच भरावे. वाळले की नाही हे पाहायला दाताखाली दाणा फोडण्याची पद्धत आहेच. आणखी एक सोपी परीक्षा करता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य आणि कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात ओल आहे. न चिकटले तर साधारण 15 टक्क्यांच्या खाली आले, एवढेच कळते. वर्षभर ठेवायच्या गव्हाला 12 टक्क्यांच्या आत यावे लागते, म्हणून त्यानंतरही एक-दोन उन्हे द्यावीत.

आता ज्या समजापायी माणसे मरतात, त्याबद्दल. ‘सल्फासची एक गोळी फडक्यात बांधून टाकली की वर्षभर बघायला नको’, असे आजही सर्रास सांगितले जाते. ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानेच तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि फटींमधून खोलीभर पसरतो. या विषावर उतारा नाही. धान्याच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत झोपलेली लेकरे दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. सरकारी नियमांनुसार ही गोळी घरगुती वापरासाठी नाही. ती वापरण्याचा परवाना प्रशिक्षित माणसांनाच मिळतो. कुणी प्रेमाने आणून दिली तरी घेऊ नका. ज्या घरात माणसे झोपतात, तिथे या गोळीला जागा नाही.

पाऱ्याच्या टिकड्यांनाही नाहीच. पारा साध्या हवेतही वाफ होऊन उडतो आणि शरीरात साठतो. बोरिक पावडर ‘धुतली की जाते’ म्हणतात, पण गहू न धुता दळला तर ती सरळ पोळीत येते. डाळीला एरंडेल तेलाचा हात लावणे त्यापेक्षा कितीतरी चांगले, कारण तेलकट दाण्यावर घातलेली अंडी जगत नाहीत. कडुनिंबाचा पाला किडीला थोडाफार दूर ठेवतो, दाण्यातली अळी मात्र मारत नाही. आणि तो सावलीत कडक वाळवलेला नसेल तर कोठीत ओलच नेतो.

हवाबंद डबा म्हणजे धान्य सुरक्षित, हे अर्धेच खरे. कोरडे धान्य तोंडापर्यंत भरून घट्ट झाकले, तर आतल्या किडीच्या श्वासानेच प्राणवायू संपत जातो आणि ती मरते. जुन्या पेवाचे बळ यातच होते. आणि पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेली माणसे गुदमरत, तीही त्यामुळेच. पण ओलसर धान्य कोंडले तर बुरशी धरते. शिवाय रोज उघडली जाणारी अर्धी रिकामी कोठी हवाबंद राहतच नाही. म्हणून मोठी कोठी महिन्यातून एकदा, उघडीप असलेल्या दिवशी उघडावी आणि महिन्याचे धान्य लहान डब्यात काढून घ्यावे. जुने तळाशी ठेवून वर नवे ओतू नये. डबा रिकामा करावा, धुवावा, उन्हात तापवावा, मग भरावा. जुने पोतेही तसेच, त्याच्या शिवणीत गेल्या वर्षीचे किडे बसलेले असतात.

बुरशीबद्दल इतकेच, की ती झटकून, धुऊन किंवा भाजून जात नाही. शेंगदाणे, मका, मिरची यांवरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते चुलीच्या आचेने नष्ट होत नाही. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे काविळीसारख्या आजाराने गेली. खवट, काळवंडलेले दाणे टाकताना जीव तुटतो, तरी टाकावेत. गुरांनाही घालू नयेत.

रेशनच्या तांदळात ‘प्लास्टिकचे दाणे’ निघतात, ही ओरडही इकडे अधूनमधून उठते. गेल्या काही वर्षांत या तांदळात पोषणयुक्त दाणे मिसळले गेले: तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व घालून केलेले, शंभर दाण्यांत साधारण एक. ते रंगाने थोडे वेगळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात, म्हणून बाया निवडून फेकतात. ते फेकणे म्हणजे लेकरांच्या तोंडचे लोह फेकणे.

नव्या घरांनी एक अडचण आणली आहे. मातीच्या जाड भिंतींच्या घरात धान्याला आयताच गारवा मिळे. आता स्लॅबखालच्या माळ्यावर डबे चढवले की जागा वाचल्यासारखी वाटते, पण मे महिन्यात घरातली सर्वांत तापलेली जागा तीच. तिथे तेल, शेंगदाणे, खोबरे लवकर खवट होते. माळ्यावर रिकामी भांडी ठेवावीत. धान्याची कोठी पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावी, आणि मागे झाडू फिरेल एवढी जागा सोडावी. कांदा हवेशीर, कोरड्या जागी टांगावा. बटाट्याला अंधार लागतो, उजेडात तो हिरवा आणि कडू पडतो. म्हणून दोघांची टोपली एक नको.