दंतरोपणाआधी तोंडाची मशागत

एखादा दात पडला, की दुसऱ्या बाजूने चावण्याची सवय लागते आणि बघता बघता वर्षे निघून जातात. पुढे कधीतरी ‘स्क्रू बसवून पक्का दात मिळतो’ असे कानावर येते आणि रुग्ण दंतवैद्यांकडे पोहोचतो. त्याच आठवड्यात दात बसावा, ही त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत त्याला ऐकायला मिळते ते, ‘आधी हिरड्या बऱ्या करू, रक्तातील साखर पाहू, मग ठरवू.’ रुग्णाला हा वेळकाढूपणा वाटतो. परंतु बसवलेला दात टिकणार की नाही, याचा निर्णय बहुतांशी याच पूर्वतयारीत होत असतो.

यामागचे कारण दंतरोपणाच्या तत्त्वातच आहे. टायटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी या धातूचे स्क्रू प्रथम माणसाच्या जबड्यात बसवले. हा स्क्रू कोणत्याही सिमेंटने चिकटवलेला नसतो. भोवतालचे हाड त्याच्या पृष्ठभागावर वाढते व त्याला धरून ठेवते. यास साधारणतः ३ ते ६ महिने लागतात. हाड अपुरे असेल, तोंडात जंतुसंसर्ग असेल किंवा जखम भरून येण्याची शक्ती क्षीण असेल, तर ही पकडच बसत नाही.

हाडाचे मोजमाप

दात काढल्यावर तेथील हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते व त्यातील मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. स्क्रूची जाडी सर्वसाधारणपणे ४ मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर हाड असावे लागते. म्हणजेच सुमारे ६ मिलिमीटर रुंदीची गरज असते. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून २ मिलिमीटर अंतर राखले नाही, तर ओठ बधिर होण्याचा धोका संभवतो. वरच्या जबड्यात मागील बाजूस सायनसची पोकळी आडवी येते. साध्या एक्स-रेत हाडाची रुंदी दिसत नसल्याने ‘सीबीसीटी’ हा त्रिमितीय स्कॅन करतात. हाड कमी असल्यास हाडाचे रोपण करून काही महिने थांबावे लागते.

हिरड्या आणि साखर

स्क्रूला कीड लागत नाही, हे खरे. मात्र शेजारच्या दातांना पायोरिया असेल, तर तेच जंतू स्क्रूभोवती वस्ती करतात आणि त्याचे हाड पोखरतात. म्हणून आधी किटण काढणे, किडलेल्या दातांवर उपचार करणे व ब्रशची योग्य सवय लावणे आवश्यक ठरते. मधुमेह हा दंतरोपणातील कायमचा अडसर नाही, अनियंत्रित मधुमेह मात्र आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणारी ‘एचबीए१सी’ चाचणी ७च्या आसपास असावी, असा सर्वसाधारण आग्रह असतो. ती ८च्या वर असल्यास शस्त्रक्रिया बहुधा पुढे ढकलली जाते.

लपवलेली सवय

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणाऱ्या अनेक महिला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे त्यांच्या ध्यानातच नसते. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेला रक्तपुरवठा कमी पडतो. धूम्रपान करणाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी किमान एक आठवडा व नंतर दोन महिने ते बंद ठेवावे, असा सल्ला दिला जातो. कायमचे सुटले तर उत्तमच. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी लागू झाली, तरी सुपारी चघळण्याची सवय कायम आहे. त्यामुळे तोंडाच्या आतील त्वचा ताठर होते. तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावत नसतील, तर तेथे उपकरणे पोहोचवणेही कठीण असते. अशा वेळी आधी त्या विकाराची तपासणी व्हायला हवी.

हे जरूर सांगा

- हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या वा इंजेक्शने सुरू असल्यास. काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही.
- रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास. ती स्वतःहून बंद करू नये.
- जबड्यावर पूर्वी किरणोपचार झाले असल्यास.
- रात्री झोपेत दात खाण्याची सवय असल्यास.

दात काढायचा ठरला असेल, तर दंतरोपणाचा विचार काढण्यापूर्वीच दंतवैद्यांना बोलून दाखवावा. हाड राखण्याचे उपाय त्याच वेळी करता येतात. सर्व तयारीनंतरही तोंड अनुकूल नसेल, तर ब्रिज किंवा कवळी हे पर्याय आहेतच. खर्चाचा आकडा विचारण्याआधी ‘माझे तोंड यासाठी तयार आहे का,’ हा प्रश्न विचारणे रुग्णाच्या अधिक हिताचे आहे.