कामाच्या हमीची साठ वर्षं

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगा रद्द करून 'विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' हा नवा कायदा मंजूर केला. 100 दिवसांचे 125 दिवस झाले. गांधीजींचं नाव गेलं, आणि त्या नावावरूनच सगळ्यात जास्त गदारोळ झाला. खरा बदल मात्र पैशाच्या कलमांत आहे. आजवर मजुरीचा सगळा भार केंद्र उचलत होतं; आता बहुतेक राज्यांना 40 टक्के वाटा घालावा लागेल. कोणत्या राज्याला किती रक्कम द्यायची ते केंद्र आधीच ठरवेल आणि त्यावरचा खर्च राज्याच्या माथी येईल. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण 60 दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूदही आहे.

हमी द्यायची कोणी आणि तिचे पैसे भरायचे कोणी, हा प्रश्न महाराष्ट्राने दिल्लीच्या कितीतरी आधी सोडवून दाखवला होता.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, पहिला प्रयोग झाला. गावात ज्याला काम हवं त्याला सरकारने ते द्यायचं, एवढीच त्यामागची कल्पना. त्याच सुमारास पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडत होते. ज्याच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, त्याला सार्वजनिक कामांवर मजुरी मिळवून देणं हाच तातडीचा उपाय, असं त्यांनी 1971 साली लिहिलं.

मग 1972 चा दुष्काळ आला. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. उपाशी माणसाला फुकट धान्य वाटण्यापेक्षा हातात मजुरी दिली, तर बाजारात धान्य आपोआप येतं आणि माणूस तगतो, हे त्या उन्हाळ्यात दिसलं. दुष्काळ निवारणाचा जगभरचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राचं हे उदाहरण पुढे आवर्जून मांडलं.

दुष्काळ सरल्यावर सरकारला कामं गुंडाळता आली असती. तसं झालं नाही. 1975 साली व्यवसाय कर लावला गेला आणि त्याचा पैसा हमीच्या निधीत वळवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, त्याचं मूळ इथे आहे. 1977 साली सर्व पक्षांच्या पाठिंब्याने कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. शहराने खेड्याचं देणं कायद्याने मान्य केलं, ही माझ्या मते या राज्याच्या अर्थकारणातली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

प्रत्यक्ष कामावर काय चालायचं? मजुरी मापावर. खणलेल्या खड्ड्यात मातीचा एक उंचवटा तसाच राखायचा, म्हणजे मोजमापाला आलेल्या माणसाला किती खोल खणलं ते कळतं. लांबी, रुंदी, खोली लागली की घनमीटर निघतो, त्याला दर लागतो. मऊ मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, कठीण खडकाचा वेगळा. दिवसभर मुरूम खणायचा आणि मस्टरवर माती लागायची, अशी तक्रार सततची. पण त्याच मस्टरवर बाईला पुरुषाइतकाच दर होता. शेतावर तो तिला कधीच मिळत नसे. हमीच्या कामांवर बायका एवढ्या मोठ्या संख्येने आल्या त्या उगाच नाही.

1988 साली किमान वेतन वाढलं आणि हमीवरची मजुरी जवळपास दुप्पट झाली. मजुरांची रांग वाढायला हवी होती; कामावरची हजेरी उलट घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी 1993 च्या लेखात याचा छडा लावला. मजुरीचा खर्च वाढला तसा कामं काढण्यातच हात आखडता घेतला गेला होता. कायदा तोच, हक्क तोच, फक्त काम निघत नव्हतं. आजच्या वादात हा लेख प्रत्येक आमदाराने वाचावा असं मला वाटतं. हमी मोडायला कायदा बदलावा लागत नाही, तिजोरीची कळ दाबली की पुरतं.

नव्वदच्या दशकात हमीचा ओघ फळबागांकडे वळला. डाळिंब, आंबा, बोर यांची मोठी लागवड झाली. शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला हे खरं, पण भूमिहीन मजूर त्या चित्रात मागे सरकला.

2005 साली केंद्राने महाराष्ट्राचाच कित्ता गिरवला. 2 फेब्रुवारी 2006 रोजी आंध्रातल्या बंदलापल्लीहून योजना सुरू झाली आणि 2008 मध्ये देशभर पोचली. अर्थतज्ज्ञांत दोन तट पडले. जगदीश भगवती आणि अरविंद पनगढिया यांच्या मते खड्डे खणवण्यापेक्षा थेट रोख रक्कम द्यावी. 2015 मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत तिला काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं. आणि 2020-21 मध्ये टाळेबंदीने शहरांतून माणसं परतली, तेव्हा याच योजनेवर 1 लाख 11 हजार कोटींच्या आसपास खर्च झाला, सुमारे 389 कोटी मनुष्यदिवसांचं काम निघालं.

शेतीला मजूर मिळत नाही ही तक्रारही जुनीच. क्लेमाँ इम्बर्ट आणि जॉन पॅप यांच्या अभ्यासात हमीमुळे खासगी मजुरी वाढल्याचं दिसलं. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी आंध्रात पाहिलं, तर योजना नीट राबवल्यावर गरिबांचं उत्पन्न वाढलं ते मुख्यतः बाहेरची मजुरी वाढल्यामुळे. म्हणजे हमीवर न जाणाऱ्यालाही तिचा फायदा. छोट्या शेतकऱ्याची अडचण मला कळते. कांद्याला, कापसाला भाव नसताना वाढीव मजुरी तो कुठून देणार? पण त्यावरचा इलाज शेतमालाच्या भावात शोधायला हवा. मजुराचा दुसरा रस्ता 60 दिवस बंद करून तो सापडणार नाही.

मनरेगात सारं आलबेल होतं असंही नाही. मिळणारं काम कुटुंबामागे सरासरी 50 दिवसांच्या आसपासच राहिलं. 2025-26 मध्ये महाराष्ट्राचा दर 312 रुपये, आणि तेही वेळेवर हाती पडतील याची खात्री नाही. हजेरीचं ॲप आणि आधारची जोडणी यांत किती मजूर अडकले हे ग्रामसभेत बसलं की कळतं. बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोयता उचलतोच; त्याला गावात थांबवू शकेल एवढं काम कधी निघालंच नाही. अशा अवस्थेत 100 चे 125 केल्याने काय साधणार?

आपला 1977 चा कायदा आजही रद्द झालेला नाही. 100 दिवसांपुढची मजुरी राज्याच्या निधीतून देण्याची सोय महाराष्ट्राने मनरेगाच्या काळातही ठेवली होती. तेव्हा दिल्लीची रक्कम संपली म्हणून काम नाकारण्याचा अधिकार मुंबईतल्या सरकारला नाही. व्यवसाय कराचे दरवर्षी किती जमा होतात आणि त्यातले किती हमीच्या कामांवर जातात, हा हिशेब सरकारने येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा. आणि जो कर भरतो त्या प्रत्येकाने तो मागावा.