ऑर्डिशचा सांगाडा

मुंबईच्या वॉटसन हॉटेलचं नाव काढलं की ऐकणारा तीनच गोष्टी सांगतो. ७ जुलै १८९६ ला तिथे ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मार्क ट्वेन तिथे उतरला होता. आणि जमशेटजी टाटांना तिथे आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी ताज बांधलं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरी मला कधीच पटलेली नाही. एका अपमानापायी कुणी एवढा पैसा समुद्रकाठी ओतत नाही.

या तिन्ही गोष्टी पाहुण्यांच्या आहेत. मला वेड आहे ते इमारतीच्या हाडांचं. काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या अंगाला उभी असलेली ही पाचमजली वास्तू बिडाच्या खांबांवर तोललेली आहे, आणि ते खांब विलायतेहून जहाजाने आले आहेत.

किल्ल्याचा तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडवर जॉन हडसन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने १८६४ साली जागा मिळवली. त्याला हवं होतं दुकान. हॉटेल मागाहून सुचलं. तेव्हा शहरात कापसाची तेजी होती; १८६५ साली ती फुटली आणि व्यापारी बुडाले. बांधकाम १८६७ ते १८६९ असं चाललं आणि १८७१ साली हॉटेल सुरू झालं.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. हा माणूस आर्किटेक्ट नव्हे, इंजिनिअर. क्रिस्टल पॅलेसचे तपशीलवार नकाशे काढणाऱ्यांत तो होता, सेंट पँक्रस स्टेशनच्या अजस्र छतात त्याचा हात होता आणि लंडनचा अल्बर्ट ब्रिज त्याचाच. तरीही मुंबईच्या इमारतींवरच्या गप्पांत त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जोनाथन क्लार्क या अभ्यासकाने २००२ साली या इमारतीवर एक सविस्तर शोधनिबंध लिहिला. तो वाचल्यावर तिच्याकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. लोखंड डर्बीच्या कारखान्यातलं, खांबांखालचा तांबडा दगड पेनरिथचा. बिडाचे खांब, घडीव लोखंडाच्या तुळया, सगळं एकमेकांना बोल्टने घट्ट आवळलेलं. विटा नुसत्या मधल्या पोकळ्या भरायला. भिंतींवर भार नाहीच. असाच सांगाडा असलेलं शियरनेसच्या गोदीतलं बोटींचं कोठार १८५८ ते १८६०मधलं, म्हणजे याच्या थोडं आधीचं. पण शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिच्यापासून गगनचुंबी इमारतींची वंशावळ मांडतात, ती १८८५ची. आसपास हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर दगडावर दगड रचून उभे राहायचे होते, तेव्हा हा सांगाडा उभा राहूनही गेला होता.

आणि याच गुणाने पुढे घात केला. भिंतीवर भार नसला की भिंत हवी तिथे घालता येते. हॉटेलचे दिवस सरल्यावर खोल्यांचे तुकडे पडले, पार्टिशनं आली, गॅलऱ्या बंदिस्त झाल्या. कोर्ट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वकिलांच्या कचेऱ्या. जोडीला भाडेकरूंची बिऱ्हाडं. नाव बदलून महेंद्र मॅन्शन, मग एस्प्लनेड मॅन्शन. काही झालं तरी ती चाळच झाली, आणि चाळीचं सगळं प्राक्तन तिच्या वाट्याला आलं.

त्या प्राक्तनाचं मूळ १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधलं गेलं. भाडेकरूला त्याने छप्पर दिलं, हे विसरून चालणार नाही. पण मालकाच्या हाती दुरुस्तीपुरताही पैसा उरला नाही. पुढे १९९५च्या हेरिटेज नियमावलीने इमारतीला संरक्षित श्रेणी मिळाली. दर्शनी भागाला हात लावायचा नाही, हे ठरलं. गंजलेली तुळई कोणाच्या खर्चाने बदलायची, हे ठरलं नाही. भाडेकरू विरुद्ध मालक असं हे भांडण रंगवलं जातं. मला यात दोघांपेक्षा शासनाचा दोष मोठा दिसतो.

२००५ साली गॅलरीचा भाग कोसळून एक जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या शंभर धोक्यातल्या स्थळांत तिचं नाव घातलं. २०१९ साली हायकोर्टाच्या आदेशाने ती रिकामी झाली. म्हाडाने आयआयटी मुंबईकडून अहवाल घेतला. त्यात निष्कर्ष होता, इमारत पाडावी. संवर्धनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारदांनी त्याला विरोध केला.

मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पाडून हुबेहूब नवी बांधू, या म्हणण्यात या इमारतीचं मर्मच निसटतं, कारण तिचं मोल चेहऱ्यात नसून सांध्यांत आहे. बीड गंजाला फारशी दाद देत नाही, घडीव लोखंड देतं. म्हणजे आधी तपासायच्या त्या तुळया, आणि पाणी कुठून मुरतं ते. सुट्या भागांनी आलेली इमारत भागाभागाने उतरवून, तपासून, पुन्हा जोडता येते. काम महाग आहे, संथ आहे, आणि ते करू शकणारी माणसं याच शहरात आहेत.