नववं कलम

29 जून 1987 रोजी दक्षिण कोरियात रो ते-वू यांनी आठ कलमांचं निवेदन जाहीर केलं. जानेवारीत पोलिसांच्या छळामुळे एका विद्यार्थ्याचा जीव गेला होता, जूनभर रस्ते माणसांनी भरून वाहत होते, आणि चुन डू-ह्वान यांची लष्करी राजवट आता टिकत नाही हे त्यांच्याच वारसदाराला, म्हणजे रो ते-वूंना, कळून चुकलं होतं. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक, राजकीय कैद्यांची सुटका, वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य, स्थानिक स्वराज्य असं बरंच काही त्या आठ कलमांत होतं. कामगारांच्या हक्काचं कलम नव्हतं. ते नववं कलम कामगारांना स्वतःच लिहून घ्यावं लागलं, तेही तुकड्यातुकड्याने आणि बहुतेक वेळा आधी चालू कायदा मोडून.

कोरियात कामगार कायदा नव्हता असं नाही. 1953 मध्ये, युद्ध संपण्याआधीच, कामगार मानक कायदा झाला होता आणि त्यात आठ तासांचा दिवस होता. सोलमधल्या शांती बाजाराच्या कोंदट शिलाईखोल्यांत तो कुणी पाळत नव्हतं. तिथल्या कोवळ्या मुलींची दुखणी पाहून जॉन ते-इल नावाच्या 22 वर्षांच्या कटिंग करणाऱ्या कामगाराने सरकारी कचेरीत अर्ज करून पाहिले. 13 नोव्हेंबर 1970 रोजी, कायदा पाळा, आम्ही यंत्रं नाही, असं ओरडत त्याने स्वतःला पेटवून घेतलं. सरकारने पुढच्याच वर्षी वाटाघाटींच्या आणि संपाच्या हक्कावर बंधनं आणली. ऑगस्ट 1979 मध्ये वाय. एच. या केसांचे टोप बनवणाऱ्या कंपनीतल्या, काम गेलेल्या मुलींनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात आसरा घेतला. पोलीस आत घुसले, किम क्योंग-सुक ही कामगार मुलगी त्यात मरण पावली. मुलींना आसरा देणारे पक्षनेते किम यंग-साम यांची संसदेतून हकालपट्टी झाली आणि ऑक्टोबर संपायच्या आत हुकूमशहा पार्क चुंग-हींची हत्या होऊन ती राजवटही संपली. किम यंग-साम हे नाव वाचकाने लक्षात ठेवावं.

चुन यांनी 1980 च्या अखेरीस केलेली दुरुस्ती विचारपूर्वक केलेली होती. संघटना फक्त एकेका कंपनीपुरती, आणि तिला मदत करणारा बाहेरचा कुणीही ‘त्रयस्थ हस्तक्षेप’ या गुन्ह्याला पात्र. वकील, पाद्री, विद्यार्थी, शेजारच्या कारखान्यातला कामगार, सगळे बाहेरचे. माणसांना तुरुंगात टाकण्यापेक्षा त्यांना एकमेकांपासून तोडणं अधिक काळ टिकतं. हुकूमशहा गेल्यावरही त्रयस्थाचं कलम टिकलं, ते याच कारणाने.

1987 च्या जुलैत उल्सानच्या ह्युंदाई इंजिन कारखान्यात संघटना उभी राहिली आणि सप्टेंबरपर्यंत देशभरात 3,000 हून अधिक संप झाले. पगारवाढ तर हवीच होती, पण ह्युंदाईच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांच्या मागण्यांत केस किती लांब ठेवायचे हे आमचं आम्हाला ठरवू द्या, अशीही एक मागणी होती. सैनिकासारखे केस कापले नाहीत तर फाटकावर अडवलं जाई. वेल्डिंग करणाऱ्या प्रौढ, संसारी माणसांना ही मागणी लेखी द्यावी लागली, यावरून कारखान्यातली शिस्त कळते. मला ती पगाराच्या मागणीइतकीच मोठी वाटते. संघटनांचे सभासद 10 लाखांच्या आसपास होते, ते 1989 पर्यंत 19 लाखांवर गेले.

त्याच ऑगस्टमध्ये कोजे बेटावरच्या ओकपो इथे, देवू जहाजकारखान्याच्या संपात, ली सोक-ग्यु हा तरुण कामगार अश्रुधुराचं नळकांडं लागून मेला. त्याच्या घरच्यांना मदत करायला पुसानचा एक वकील गेला. त्यालाही त्रयस्थ हस्तक्षेपाखाली अटक झाली. त्या वकिलाचं नाव रो मू-ह्युन. हेही नाव लक्षात ठेवावं.

डिसेंबर 1987 मध्ये मतदान झालं, रो ते-वूच निवडून आले. कायद्यात थोडी सूट मिळाली, पण त्रयस्थाचं कलम राहिलं आणि एका कंपनीत दुसरी संघटना काढायला बंदी पक्की झाली. मालकाच्या मर्जीतली संघटना आधी नोंदवलेली असली की खऱ्या संघटनेला दारच बंद. गिरणगाव आठवणाऱ्या वाचकाला हा पेच समजावून सांगायला नको. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटना एकच ठरवली होती आणि 1982 चा संप त्या तरतुदीशीही लढत होता. कोरियात संसदेने 1989 मध्ये सुधारणा मंजूर केल्या, तेव्हा रो ते-वूंनी नकाराधिकार वापरला. त्याच वर्षी शिक्षकांनी संघटना काढली आणि सुमारे 1,500 शिक्षक बडतर्फ झाले. लोकशाही आलेल्या देशात झालेली ही बडतर्फी आहे.

मग 26 डिसेंबर 1996. तोवर किम यंग-साम राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि देश नुकताच श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य संघटनेत दाखल झाला होता. पहाटे सत्ताधारी पक्षाचे 154 सदस्य बसगाड्यांतून गुपचूप संसदेत आणले गेले. विरोधकांना पत्ता नव्हता. नोकरकपात सोपी करणारा आणि कंपनीतल्या दुसऱ्या संघटनेची परवानगी लांबणीवर टाकणारा कायदा, आणखी काही विधेयकांसह, काही मिनिटांत मंजूर झाला. वाय. एच.च्या मुलींना आसरा देणारा, संसदेतून हाकलला गेलेला माणूस हे करत होता! त्याच दिवशी संप सुरू झाला. कामगार संघटनांच्या नव्या महासंघाबरोबर सरकारशी जुळवून घेणारा जुना महासंघही उतरला, जहाजकारखान्यांपाठोपाठ कचेऱ्या आणि रुग्णालयांतली माणसं आली. मार्च 1997 मध्ये सरकारला कायदा पुन्हा लिहावा लागला आणि नोकरकपातीचं कलम दोन वर्षं पुढे गेलं. कोरियन कामगारांचा सर्वांत मोठा विजय मी याला मानतो.

तो वर्षभरही टिकला नाही. 1997 च्या अखेरीस देशाची परकीय गंगाजळी आटली, नाणेनिधीचं कर्ज आलं. फेब्रुवारी 1998 मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय करारात नोकरकपात ताबडतोब लागू करायचं ठरलं. बदल्यात शिक्षकांच्या संघटनेला कायदेशीर मान्यता. ज्यांच्या पुढाकाराने हे झालं ते नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष किम डे-जुंग 1980 मध्ये फाशीची शिक्षा सुनावले गेलेले लोकशाहीवादी नेते होते. त्रिपक्षीय करारावर सही करणारे आपल्या सभासदांपुढे गेले, तेव्हा नव्या महासंघाच्या प्रतिनिधींनी करार फेटाळला. कायदा मात्र झाला.

यानंतर लाठीची जागा दिवाणी न्यायालयाने घेतली. संप ‘बेकायदा’ ठरला की कंपनी नुकसानभरपाईचा दावा लावते, आणि पगारावर व घरावर जप्ती येते. संप बेकायदा ठरवणं कठीण नव्हतं. नोकरकपातीविरुद्धचा संपच कायद्याच्या चौकटीबाहेर धरला जाई. ऑक्टोबर 2003 मध्ये पुसानच्या हानजिन जहाजकारखान्यातला कामगार नेता किम जू-इक याने 85 क्रमांकाच्या क्रेनवर 129 दिवस बसून तिथेच आयुष्य संपवलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्युन होते. 2011 मध्ये त्याच क्रेनवर किम जिन-सुक 309 दिवस राहिल्या आणि त्यांना भेटायला गावोगावहून बस भरून माणसं आली. त्या याच कारखान्यातल्या वेल्डर. हुकूमशाहीत, 1986 मध्ये, त्यांना कामावरून काढलं होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये एका दिवसापुरतं परत घेतलं, तेही निवृत्त करण्यासाठी.

2009 मध्ये सांगयोंग मोटर कंपनीत 77 दिवसांचा संप झाला. त्याबद्दल न्यायालयाने कामगारांवर सुमारे 470 कोटी वॉनचा बोजा टाकला, तेव्हा एका गृहिणीने साप्ताहिकाला 47,000 वॉन पाठवले: एक लाख माणसांनी इतकेच दिले तर हे फिटेल. पूर्वी पगार पिवळ्या पाकिटात मिळायचा, म्हणून देणग्याही पिवळ्या पाकिटांतून येऊ लागल्या. दाव्यांना आळा घालणारा आणि कंत्राटी कामगाराला मूळ कंपनीशी बोलणी करण्याचा हक्क देणारा कायदा त्याच नावाने मागितला गेला. 2022 मध्ये ओकपोच्याच कारखान्यात ठेकेदारांकडच्या कामगारांनी 51 दिवस संप केला, आणि त्यांच्या पुढाऱ्यांवर 4,700 कोटी वॉनचा दावा लागला. पिवळ्या पाकिटाचा कायदा संसदेने दोनदा मंजूर केला आणि राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी दोनदा अडवला. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री त्यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा पहिल्याच फर्मानात संपबंदी होती. संसदेने काही तासांत तो मागे घ्यायला लावला. युन पदावरून गेले आणि 24 ऑगस्ट 2025 रोजी पाकिटाचा कायदा अखेर झाला. आज मजूरमंत्री आहेत किम यंग-हून, रेल्वे इंजिनचालक आणि कामगार महासंघाचे माजी अध्यक्ष. त्यांच्याविषयी मला आशा आहे. पण याआधीही कामगारांची माणसं सत्तेत गेली होती, तेव्हा त्यांचा हिशेब नावावरून नको, कलमांवरून करावा.

आणि कलमं अजून अपुरी आहेत. पाचपेक्षा कमी माणसं काम करतात त्या ठिकाणी कामाच्या तासांची मर्यादा, जादा कामाचा वाढीव मोबदला आणि अन्यायी बडतर्फीपासून संरक्षण देणारी कामगार मानक कायद्याची कलमं आजही लागू नाहीत. 30 पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांत संघटनेचे सभासद आहेत हजारात एक.