रिळांतला दारूगोळा

खडकीकराला दारूगोळा समजावून सांगावा लागत नाही. १८६९ पासून इथे अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी आहे. तिच्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. पण बंदुकीच्या बिनधुराच्या दारूत जो नायट्रोसेल्युलोज असतो, त्यातच कापूर मिसळून जुन्या सिनेमाची फिल्म बनत असे, हे इथेही फारसं कुणाला ठाऊक नसतं. ही नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यात बुडवूनही विझत नाही. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. १९५०च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. तोवरचा आपला जवळजवळ सगळा सिनेमा या ज्वालाग्राही पट्टीवर होता.

तो वाचवण्यासाठी फेब्रुवारी १९६४मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पुढच्याच वर्षी तिथे आलेल्या पी. के. नायर यांनी अक्षरशः डबे हुडकत देश पालथा घातला. फाळक्यांच्या चार रिळी ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं हाती लागली, ती १९१३ची की १९१७च्या पुनर्निर्मितीची, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ‘कालिया मर्दन’ (१९१९) तुकड्यातुकड्यांतून जुळवावा लागला. त्यात कृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांचीच लेक.

मूकपट हजाराहून अधिक निघाले. सबंध उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आग हे एकच कारण नव्हतं. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि फिल्मवरच्या लेपातून चांदी निघते म्हणून रिळं विकली गेली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१), पण त्याचं एकही रीळ आज उपलब्ध नाही. ८ जानेवारी २००३ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओतल्या गोदामाला आग लागली आणि जपलेली नायट्रेट रिळंही गेली.

नायट्रेटनंतर ‘सेफ्टी’ फिल्म आली. ती सहजी पेटत नाही, पण कुजते. उष्ण, दमट हवेत तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. डबा उघडला की लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास नाकात शिरतो; पट्टी आकसते, पन्हळीसारखी वळते, प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसेनाशी होते. मग हातमोजे घालून, रीळ हाताने हळूहळू फिरवत एकेक फाटकं छिद्र आणि सुटलेला जोड सांधायचा, धूळ पुसायची आणि त्यानंतरच स्कॅनिंग. मूळ फिल्म मात्र थंड, कोरड्या खोलीत ठेवायचीच. डिजिटल प्रत ही तिची सावली, तिचा वारस नव्हे.

पण डबाबंद सिनेमा म्हणजे कुलपातली पोथी. नायरांना हे पक्कं माहीत होतं. फिल्म सोसायट्या, रसास्वाद वर्ग यांना त्यांनी प्रिंट पुरवल्या; कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात शेतकऱ्यांनी जपानी ‘राशोमोन’ पाहिला तो याच पुण्याच्या संग्रहालयामुळे. १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरवलेला ‘संत तुकाराम’ आज आपल्याला पाहता येतो, तो कुणीतरी त्याची प्रिंट जपली म्हणून.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर ८ किंवा १६ मिलिमीटरचं एखादं रीळ सापडलं, तर भंगारात टाकू नका आणि हौसेने प्रोजेक्टरवरही चढवू नका. आंबूस वास येतोय का ते पाहा, उन्हापासून आणि दिव्यांपासून दूर ठेवा आणि विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या या संग्रहालयाला कळवा. खडकीहून ते फार लांब नाही.